प्रथमोपचार प्रमुखाचा हिवाळा

१८ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ११.४०
आजपासून लिहायला घेतोय. कारण: जबाबदारी अंगावर आली आहे आणि तिची नोंद कुठेतरी हवी.
छापखान्याचा प्रथमोपचार प्रमुख म्हणून माझी निवड झाली. आधीचे प्रमुख निवृत्त झाले. पेटी आता कोणाकडे द्यायची, असं मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. सगळे खाली बघत होते. मी वर बघत होतो. साहेब म्हणाले, ठीक आहे, पेटी डिस्पॅचमध्ये राहू दे. डिस्पॅच म्हणजे मी. इतक्या एकमताने निवड क्वचितच होते.
संकल्प: या हिवाळ्यात माझ्या हद्दीत एकही माणूस दगावणार नाही. (गेल्या हिवाळ्यातही कोणी दगावलं नव्हतं. पण ते नशीब. यंदा नियोजन असेल.)

संध्याकाळी ७
घरी सांगितलं. सौ. ‘बरं’ म्हणाली आणि इस्त्री करत राहिली. कन्येने मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं, बाबा, तुम्हाला रक्त बघून चक्कर येते ना? ते एकदाच झालं होतं आणि त्या दिवशी मी उपाशी होतो.
कौतुक केलं फक्त सासरेबुवांनी. वय एक्क्याऐंशी. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच, मधल्या खोलीत. रोज संध्याकाळी आमचा बुद्धिबळाचा डाव असतो. बहुतेक वेळा तेच जिंकतात. वयाचा मान ठेवावा लागतो. माझी बातमी ऐकून त्यांनी हातातला उंट खाली ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू, आता आम्ही निर्धास्त."
माणसाची पारख लागते.

२० नोव्हेंबर, गुरुवार
कंपनीने एका दिवसाच्या ट्रेनिंगला पाठवलं. वाचनालयाच्या वरचा हॉल. शिकवणाऱ्या एक निवृत्त नर्सबाई. आवाज असा की बरं झालेलं माणूससुद्धा पुन्हा आडवं व्हावं. "आधी बघा, मग हात लावा," हे वाक्य त्यांनी सकाळच्या सत्रात चार वेळा म्हटलं. बघत बसलं तर उपचार कधी करायचे, हे नाही सांगितलं.
दुपारच्या चहानंतर निघालो. राहिलेले विषय: थंडीचे विकार, भाजणे, विषारी वायू. थंडीबद्दल मला कोणी काय शिकवायचं? बावन्न हिवाळे काढलेत. बाकीचे दोन विषय ओघाने कळतात. दोन्ही सत्रांची सही सकाळीच करून ठेवली होती, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या मी पूर्ण प्रशिक्षित आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार
पहिली केस!
पेशंट: वेलांटी. म्हणजे आमचा मुद्रितशोधक. बावीस वर्षं एकाच टेबलावर डबा खातो आम्ही. खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या फलकावरची ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्याला दिसते, म्हणून हे नाव. मीच ठेवलं.
हवा कोरडी. सव्वा अकराला त्याच्या नाकातून रक्त आलं. मी पेटीसह चौदा सेकंदांत हजर. त्याची मान मागे टाकली आणि कपाळ घट्ट धरून ठेवलं. तो काहीतरी सांगत होता, पण पेशंटचं ऐकत बसलं की वेळ जातो. दोन मिनिटांनी त्याला घशात गेलेल्या रक्ताची उलटी झाली. शब्दकोशाच्या प्रुफांवर. ‘क्ष’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळं गेलं.
मग तो स्वतःच बेसिनपाशी गेला, पुढे वाकला, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटं उभा राहिला आणि रक्त थांबलं. माझ्या उपचाराचा परिणाम जरा उशिरा दिसला, एवढंच.
डबा खाताना वेलांटी गप्प होता. अशक्तपणा.

१ डिसेंबर, सोमवार
पहाटेपासून बर्फ. मागच्या दाराच्या पायऱ्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकायचं मी शुक्रवारीच ठरवलं होतं. ठरवलेलं आहे, वहीत आहे.
साडेनऊला मॅनेजरसाहेब तिसऱ्या पायरीवरून घसरले. घोटा सुजला. मी बूट काढला, मोजा काढला, आणि आमच्या लहानपणी शेजारचे पैलवानकाका करायचे तसं अंगठ्याने दाबून चोळून दिलं. साहेब ओरडले ते रस्त्यापलीकडच्या लाँड्रीत ऐकू गेलं. वेदना बाहेर पडणं चांगलं असतं, असं मी त्यांना सांगितलं.

संध्याकाळी
एक्स-रेमध्ये बारीक चीर निघाली. वेलांटी साहेबांबरोबर दवाखान्यात गेला होता. त्याने येऊन सांगितलं: डॉक्टरांनी विचारलं, पडल्यावर कोणी चोळलं का? आणि वेलांटीने माझं नाव सांगितलं!
बावीस वर्षं. माझ्या डब्यातलं लोणचं खाल्लंय त्याने.

६ डिसेंबर, शनिवार
सौ. अंगणातला बर्फ काढत होती. (मी काढणार होतो. फावडं शोधत होतो.) आत आली तर बोटांची टोकं पांढरी पडलेली, काही कळत नाही म्हणाली. हिमबाधेची सुरुवात! लगेच बाहेरून मूठभर बर्फ आणून बोटांवर खसाखसा चोळायला घेतला. काट्याने काटा काढावा तसं. तिने दुसऱ्या हाताने माझ्या मनगटावर फटका मारला आणि म्हणाली, "अहो, सोडा माझा हात! कातडं निघेल!" मग हात काखेत घालून खुर्चीत बसली. कन्येने मोबाइलमध्ये वाचून कोमट पाण्याचं पातेलं आणलं. बोटं गुलाबी झाली. दुखायला लागल्यावर सौ. रडली.
मी विचारलं, माझ्यावर विश्वास नाही का? ती म्हणाली, आत्ता नको.
चार वाजता दोघी मायलेकी ताईकडे जातो म्हणून गेल्या. ताई म्हणजे सौ.ची थोरली बहीण. म्हणाल्या, आता दर शनिवारी जाणार, ताईला बरं नसतं. मी पेटी घेऊन येतो म्हटलं. दोघी एकदम ‘नको’ म्हणाल्या.

९ डिसेंबर, मंगळवार
ज्यांना किंमत नाही त्यांच्यावर वेळ घालवायचा नाही. सगळं लक्ष आता सासरेबुवांवर.
त्यांचे हातपाय गार पडतात. म्हाताऱ्या माणसाला थंडी आतून पोखरते आणि त्याला कळतही नाही. म्हणून माळ्यावरचा जुना गॅस हीटर काढला, पुसला, मधल्या खोलीत लावला. खिडकीला फटी होत्या, त्या चिकटपट्टीने बंद केल्या. दोन थर. दाराखाली गुंडाळलेलं ब्लँकेट. खोली तासाभरात पावासारखी फुलली. ज्योत छान पिवळीधमक. आधी निळसर यायची, ती थंड वाटायची.
सासरेबुवा म्हणाले, "वा! किती वर्षांनी पायांना पाय असल्यासारखं वाटतंय."
सौ. म्हणाली, एक फट तरी ठेवा. मी म्हटलं, अशाच एकेका फटीतल्या थंडीने माणसं जातात.

१३ डिसेंबर, शनिवार
सासरेबुवांचं डोकं दुखतंय. मळमळतंय. निदान: हिवाळी अशक्तपणा. उपचार: पूर्ण विश्रांती, ऊब, खोलीबाहेर पडणं बंद. दिवसातून चार वेळा मी स्वतः जाऊन विचारपूस करतो. ताप, नाडी, ‘कसं वाटतंय’. सगळं वहीत. शंभर टक्के शिस्त.
सौ. आणि कन्या ताईकडे.

१६ डिसेंबर, मंगळवार
एक विचित्र गोष्ट. सासरेबुवांचं डोकं खोलीत दुखतं. काल माझी नजर चुकवून गॅलरीत उन्हाला जाऊन बसले, तर अर्ध्या तासात टवटवीत. पेपर वाचत होते, शीळ घालत होते. आत आणलं की तासाभराने पुन्हा कण्हणं.
याचा अर्थ उघड आहे. आजारपण खरं नाही. मी जवळ असलो की दुखतं, नसलो की थांबतं. लक्ष वेधून घ्यायला माणसं या वयात असं करतात. वाईट वाटलं. प्रेमाचाच प्रकार आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार
आजचा दिवस काळ्या शाईने लिहायला हवा. लिहितोयच काळ्या शाईने, पण तरी.
मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पाय प्लास्टरमध्ये, स्टुलावर. समोर एक अर्ज. ‘प्रथमोपचाराची पेटी सध्याच्या प्रमुखांकडून तातडीने काढून घ्यावी, अन्यथा आम्ही जखमी झाल्यास ती गोष्ट लपवून ठेवू.’ खाली अकरा सह्या. अर्ज दीड पानी आणि त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. स्वल्पविराम जिथल्या तिथे. छापखान्यात असा अर्ज एकच माणूस लिहू शकतो.
साहेब म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, पेटी आता रिसेप्शनला राहील.
टेबलापाशी जाऊन वेलांटीला विचारलं, हे तू केलंस? तो म्हणाला, "हो. मीच लिहिला. तुला समोर सांगून बघितलं होतं तीनदा. तू माझी मान मागे धरून ठेवली होतीस." मी त्याला म्हटलं, आजपासून आपला संबंध संपला. तो म्हणाला, "संबंध राहू दे. फक्त हात लावू नकोस."
डबा पेपरच्या गठ्ठ्यांवर बसून एकट्याने खाल्ला.
ठीक आहे. छापखान्याने एक प्रमुख गमावला. घर आहेच.

२० डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी ६.३०
मन मोकळं करावं म्हणून सौ.ला फोन लावला. उचलला नाही. ताईकडे लावला. ताईने स्वतः उचलला. ठणठणीत आवाज. म्हणाली, इकडे तर कोणी आलं नाही, महिनाभर कोणी आलेलं नाही, आणि मला काय धाड भरलीय?
फोन ठेवला. पाणी प्यायलो. नाडी बघितली: एकशे चार.
सहा वाजता मायलेकी आल्या. कशी आहे ताई, असं विचारलं. सौ. म्हणाली, तशीच.
आधी पुरावा.

२७ डिसेंबर, शनिवार
पुरावा मिळाला. मिळाला नसता तर बरं झालं असतं.
चार वाजता त्या निघाल्या, पाच मिनिटांनी मी. मफलर नाकापर्यंत. दोन गल्ल्या पार करून दोघी वाचनालयात शिरल्या, जिना चढल्या. हॉलच्या दाराला काच आहे. तिच्यातून पाहिलं.
नर्सबाई. फळा. पंधरा-वीस माणसं. टेबलावर एक रबरी पुतळा आडवा. त्याच्या छातीवर माझी कन्या दोन्ही हात ठेवून मोजत होती, एक, दोन, तीन. सौ. एका बाईच्या हाताला बँडेज बांधत होती. इतक्या सफाईने तिने माझ्या शर्टाला बटणही कधी लावलेलं नाही. आणि तिसऱ्या रांगेत, वहीत मुद्दे उतरवून घेत, चष्मा नाकाच्या टोकावर... वेलांटी!
तिघं. माझ्या पाठीमागे. माझ्याच विषयात.
नर्सबाई म्हणत होत्या, "घसरलेल्या माणसाचा पाय कोणी चोळला तर काय करायचं?" सगळा वर्ग एका सुरात: "चोळणाऱ्याला आधी बाजूला करायचं!" आणि हशा. सौ.सुद्धा हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली.
मी जिना उतरलो. कठडा धरून. बर्फ होता म्हणून.

२८ डिसेंबर, रविवार
सकाळी सगळं तोंडावर सांगितलं. सौ. पांढरी पडली नाही, रडली नाही. उलट खुर्ची ओढून समोर बसली. म्हणाली, "मी तुम्हाला सांगणार होते. पण तुम्ही म्हणाला असतात, मी शिकवतो. मग मी काय करणार होते? माझी बोटं होती ती." खोटं का बोललीस विचारलं, तर म्हणाली, खरं कधी ऐकलंत? कन्या दारात उभी होती. ती म्हणाली, बाबा, आम्ही तुमच्या विरुद्ध नाही शिकत, तुमच्यासाठी शिकतोय. म्हणजे तुम्ही घरात असलात तरी.
‘असलात तरी’!
अबोला जाहीर केला. मुदत बेमुदत.
सासरेबुवांपाशी जाऊन बसलो. त्यांना म्हटलं, आता या घरात तुम्ही आणि मी. त्यांनी हीटरकडे बघितलं. मग म्हणाले, जावईबापू, पोरी हुशार आहेत हो. मग पुन्हा डोकं धरलं. तेही त्यांच्याच बाजूचे निघतात की काय, अशी शंका आली. पण बुद्धिबळात त्यांनी मला घोडा फुकट दिला, तेव्हा गेली.

३ जानेवारी, शनिवार. दुपारी २.५०
सगळे त्यांच्या त्या वर्गाला गेले. आज तीनलाच सुरू होतो म्हणे, आणि विषयही काहीतरी महत्त्वाचा. असेना. मी सासरेबुवांजवळ थांबलो आहे. आज दाखवून देतो, माणसाची काळजी कशी घेतात ते.
दारावरच्या झडपेतून वारा येत होता, ते आजच लक्षात आलं. स्टुलावर चढून ती पुठ्ठ्याने बंद केली. वर पट्टी. आता हवा आत येईल तर माझ्या परवानगीने.

३.३०
डाव मांडला. हीटर मोठा केला. मी जवळ बसलोय, पाठ शेकत. सासरेबुवा दाराजवळ.
माझंही डोकं दुखतंय. त्यांच्यामुळे लागलं. संसर्गजन्य असावं. नोंद घेतली.

३.५०
सासरेबुवांनी त्यांचाच राजा त्यांच्याच हत्तीने खाल्ला, आणि मला ते बरोबर वाटलं. वजीर दोन दिसतात. दोन्ही काळे. छान उबदार. पाय जड. थोडं पडतो. पाच मिनिटं.

४.०
नाडी बघायला पाहिजे कोणाची तरी

५ जानेवारी, सोमवार. हॉस्पिटल
आज लिहायला परवानगी मिळाली. कालचा दिवस ऑक्सिजनच्या मास्कमध्ये गेला. पलीकडच्या कॉटवर सासरेबुवा, त्यांनाही मास्क. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हात हलवत होतो.
काय घडलं ते तुकड्यातुकड्यांनी कळलं. मी बेशुद्ध झालो असं सगळे म्हणतात. माझ्या मते मी डोळे मिटून परिस्थितीचा अंदाज घेत होतो. पण माझी साक्ष कोणी घेतली नाही.
डॉक्टरांनी समजावलं. बंद खोलीत हीटरला हवा पुरली नाही की गॅस नीट जळत नाही. ज्योत पिवळी पडते. मग असा विषारी वायू सुटतो ज्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं, आत आलं की पुन्हा. कोणी आलं नसतं तर आणखी पाऊण तास पुरे होता, म्हणाले. मग विचारलं, खोलीत अशी लक्षणं आधी कोणाला दिसली होती का? मी म्हटलं, वहीत बघून सांगतो.
परवा वर्गात नेमका हाच विषय होता. नर्सबाई फळ्यावर लक्षणं लिहीत होत्या. डोकेदुखी. मळमळ. बाहेर गेल्यावर आराम. चौथं लक्षण लिहायच्या आत कन्या उठून उभी राहिली आणि तिने घरी फोन लावला. सासरेबुवांनी उचलला. तोंडात कापूस असल्यासारखे शब्द. "जावईबापू झोपलेत. उठत नाहीत. बघ की गं."
तिघं धावली. दोन गल्ल्या, बर्फातून. वेलांटी पंचावन्न वर्षांचा, पळायला येत नाही, तरी पळाला. दोनदा पडला. दार उघडून कन्येने श्वास रोखला आणि आधी हीटर बंद केला. खिडकी उघडेना. दोन थर. तिने बुटाने काच फोडली. पुतळ्याला ओढतात तसं वेलांटीने मला काखेत हात घालून अंगणात ओढलं. सौ.ने वडिलांना. नर्सबाईंनी हॉस्पिटलची गाडी बोलावली होतीच.
दुपारी सौ. एकटी बसली होती कॉटपाशी. अबोला माझ्याकडून अजून संपलेला नव्हता, त्यामुळे तीच बोलली. म्हणाली, "दारातून बघितलं तर तुम्ही दोघं मेल्यासारखे पडलेले. एकीकडे बाप, एकीकडे नवरा. पण शिकवलं होतं आम्हाला. दोघं पडलेले असले तर आधी कण्हतोय त्याच्याकडे धावायचं नाही. जो गप्प आहे त्याच्याकडे धावायचं. बाबा कण्हत होते. म्हणून वेलांटींना म्हटलं, आधी यांना घ्या." मग माझी चादर सारखी करत म्हणाली, "तुम्ही गप्प होतात हो. इतकं गप्प मी तुम्हाला कधी बघितलंच नव्हतं."
डोळ्यांत पाणी आलं. मास्कमुळे डोळे कोरडे पडतात, त्याचा उलटा परिणाम असावा.

६ जानेवारी, मंगळवार. हॉस्पिटल
सासरेबुवांना आज उशीला टेकून बसवलं. मी सलाइनची दांडी ढकलत त्यांच्या कॉटपर्यंत गेलो. एकच प्रश्न होता, तीन रात्री डोक्यात. म्हटलं, गॅलरीत बसलं की तुम्हाला बरं वाटत होतं. ते तुम्हाला कळलं होतं?
म्हणाले, "कळलं होतं की. घड्याळजी आहे मी. काय केल्यावर काटा अडकतो, एवढं कळतं."
मग बोलला का नाहीत?
चादरीची घडी करायला घेतली. म्हणाले, "तुम्ही एवढ्या हौसेनं पट्टी लावलीत. आणि रोज चार वेळा येऊन विचारायचात, कसं वाटतंय. आमची ही गेल्यापासून असं रोज कोणी विचारलं नव्हतं. म्हटलं, बरं वाटत नाही ते तुमच्या खिडकीमुळे असं सांगितलं, तर तुम्ही विचारायला यायचं थांबाल."
त्यांना म्हटलं, थोडं पाणी घ्या. दुसरं काही सुचलं नाही. पाणी दिलं तेही नर्सला विचारून.

९ जानेवारी, शुक्रवार. घरी
सगळ्यांचे वार झेलले. हा नाही झेलता आला.
मेहुण्याची गाडी सकाळी दारात. सासरेबुवांची बॅग आधीच भरलेली. उरलेला हिवाळा मुलाकडे काढणार. वाटलं, सौ.ने ठरवलं असणार. तिच्याकडे बघितलं, तिने मान हलवली: मी नाही. मेहुण्याकडे बघितलं. तो म्हणाला, दाजी, बाबांनीच फोन केला.
बाबांनीच.
ते ओव्हरकोट घालून खुर्चीत बसले होते. मी विचारलं, माझ्यावर राग आहे? म्हणाले, राग नाही हो. तुमच्यावर माया आहे म्हणूनच. इथे राहिलो तर तुम्ही पुन्हा काहीतरी बरं करायला जाल, आणि मी पुन्हा नाही म्हणणार नाही. दोघांनाही सवय वाईट.
जाताना माझा हात हातात घेतला. त्यांचा गार होता. चोळला नाही. नुसता धरून ठेवला. मेहुण्याने दोनदा हॉर्न दिला.
मधली खोली रिकामी. नवीन काच बसली आहे. सौ.ने पट्टीचे राहिलेले तुकडे चाकूने खरवडून काढले. मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अबोला मात्र संपवला. संध्याकाळी स्वतःहून ‘चहा घेशील का’ म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही करणार असाल तर मी लक्ष ठेवते.

१२ जानेवारी, सोमवार
छापखान्यात पहिला दिवस. सगळे येऊन भेटले. थोडं अंतर ठेवून. वेलांटीच्या दोन्ही तळहातांना खरचटलेलं, बर्फात पडला त्याचं. त्याने स्वतः नीट मलमपट्टी केली होती. डब्याच्या वेळी मी कागदाच्या गठ्ठ्यांकडे जात होतो तर तो माझी खुर्ची ओढून उभा. म्हणाला, बस.
बसलो. डबे उघडले. मग त्याने सांगितलं, तुला अंगणात ओढत होतो तेव्हा तू काहीतरी पुटपुटत होतास. मी विचारलं, काय? म्हणाला, ‘मान मागे टाका, मान मागे टाका.’
मला वाटतं तो हे रचून सांगतोय. पण त्याच्या प्रुफात आजवर चूक निघालेली नाही.

१७ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ६
नर्सबाईंची नवीन बॅच आज सुरू झाली. मी गेलो होतो. घरी कोणी पाठवलं नाही. कोणी अडवलंही नाही.
पूर्ण वेळ बसलो. चहानंतरही.
वर्गात बारा जण. नर्सबाईंनी मला ओळखलं असणार, कारण त्यांनी माझ्याकडे बघून चष्मा पुसला. प्रत्येकाने उभं राहून नाव सांगायचं आणि इथे का आलो ते सांगायचं, एवढंच म्हणाल्या. एक बेकरीवाला म्हणाला, भट्टीपाशी हात भाजतात. एक ट्रकड्रायव्हर म्हणाला, घाटात बर्फात अडकतो. एक नवी आई म्हणाली, भीती वाटते म्हणून.
माझी पाळी सातवी. भाषण तयार होतं. आठवडाभर तयार करत होतो, साडेचार मिनिटांचं. अनुभव, विश्वासघात, त्यातून आलेलं शहाणपण, आणि शेवटी एक टाळ्यांची जागा. उभा राहिलो. नाव सांगितलं. तोंडातून एवढंच आलं:
"मला येत नाही म्हणून."
एवढं मोठं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो. हॉलमध्ये काहीतरी होईल असं वाटलं. कोणीतरी मागे वळून बघेल. नर्सबाई निदान मान वर करतील.
त्यांनी वहीत खूण केली आणि म्हणाल्या, "बरं. पुढचे कोण?"